झाड बघून या

बोर्डे सर भित्रे होते. गेलेल्या माणसाबद्दल पहिलंच वाक्य असं लिहू नये, पण सर असताना सगळे त्यांच्या तोंडावर हेच म्हणत, आणि सरही मान हलवून "बराबर हाय" म्हणत. ते कुत्र्याला भीत, पाण्याला भीत, लोंबणाऱ्या तारेला भीत, एसटीच्या शेवटच्या बाकाला भीत. आणि असा माणूस हसनाबादला आमच्या शाळेत असताना दर ऋतूत माणसं गोळा करून डोंगरातल्या वनखात्याच्या उद्यानात सहल नेत असे.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. शाळेत शोकसभा ठेवली होती. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्या नव्हत्या. त्या घराबाहेर येत नाहीत. सभेत आमचे जुने सहकारी पठाडे बोलले. सर देवमाणूस होते, असा माणूस पुन्हा होणे नाही, असं सगळं झाल्यावर ते म्हणाले, "फक्त त्या दिवशी तेवढं झाड स्वतः बघायचं विसरले." समोरच्या खुर्च्यांवरून एक उसासा आला. पुढचं नाव माझं होतं. मी उठलो, सरांच्या शिस्तीवर चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

सर विसरले नव्हते. त्यांनी मला झाड बघायला पाठवलं होतं आणि मी ते बघितलं नव्हतं. एवढंच वाक्य आहे. ते त्या माइकसमोर तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. आता ते लिहून झालं. आता सरांबद्दल नीट लिहिता येईल.

आमच्याकडच्या माणसाला सहल म्हटलं की देव आठवतो. देवाच्या निमित्ताशिवाय घर सोडणं म्हणजे पैशाचा माज. सर पहिल्यांदा स्टाफरूममध्ये म्हणाले की नुसतं झाडं बघायला जाऊ, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. पण त्या उद्यानाचं तिकीट चहा-भज्यांच्या खर्चात बसत होतं, एसटी थेट फाट्यापर्यंत जात होती आणि भाकरी घरचीच न्यायची होती. ज्यांना महाबळेश्वर फक्त कॅलेंडरवर माहीत होतं अशी माणसं हळूहळू तयार झाली. शिक्षक, शिपाई, बचतगटातल्या बाया, कुणाची सासू, कुणाचा शहरातून आलेला जावई.

उद्यान म्हणजे फार काही नाही. एक पाझर तलाव, त्याच्या काठाने पायवाट, एक लोखंडी मनोरा, बिबट्या आणि तडस रंगवलेल्या पाट्या. पाटीवरचा बिबट्या मांजरासारखा दिसायचा. खरं जनावर म्हणाल तर मोर आणि रोही, म्हणजे नीलगाई. पण वनखातं तिथे ऋतूप्रमाणे काही ना काही ठेवायचं. श्रावणात रानफुलं, दिवाळीनंतर तळ्यावरचे पाहुणे पक्षी, संक्रांतीच्या सुमारास हुरडा, शिमग्याला पळस. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून जनावरं मोजायलाही बोलवायचे. तेवढ्या एका कार्यक्रमाला सर कधी गेले नाहीत. म्हणायचे, "दिवसाचं जंगल सरकारचं. रातचं जनावराचं. तिथं आपलं काय काम?"

सहलीच्या दिवशी सकाळी बसस्टँडवर सर आमची झडती घ्यायचे. दुसरा शब्द नाही. प्रत्येकाच्या जवळ येऊन, कॉलरपाशी नाक नेऊन हुंगायचे. अत्तर, वासाचं तेल, गजरा, काही चालायचं नाही. बायांना ते माईंकडून हुंगवून घ्यायचे. पठाडे एकदा बगलेत फवारा मारून आले, तर सरांनी त्यांना हापशावर उभं करून शर्ट काढायला लावला. भर थंडीत. आम्ही सगळे हसत होतो आणि पठाडे काखा चोळत ओरडत होते, "अहो सर, मी काय नवरदेव हाय का? जंगलात चाललो ना?"

"जंगलात चालले म्हणूनच," सर म्हणाले. "माशी काय तुमचं लगीन बघती का?"

माशी म्हणजे आग्यामोहोळ. बाकी सगळ्या भीती सर बोलून दाखवायचे, या एका भीतीचं नाव ते घेत नसत. नुसतं माशी म्हणायचे. लहानपणी कधी काय बघितलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यांचा दुसरा नियम तिच्यामुळेच होता. प्रत्येकानं एक चादर किंवा घोंगडी आणायची, जाड, डोक्यापासून पायापर्यंत येईल अशी. माशी उठली तर पळायचं नाही, हात हलवायचे नाहीत, पालथं पडून पांघरून घ्यायचं. मेल्यागत पडायचं. उद्यानात शिरल्यावर पहिल्याच मोकळ्या जागी ते आम्हाला हे करून दाखवायला लावायचे. चाळिशी-पन्नाशीची माणसं कुसळांच्या गवतात पालथी पडलेली, वर चादरी. एकदा मेंढरं घेऊन चाललेला धनगर ते बघून थांबला आणि त्यानं माईंना हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून.

माई हसून हसून खाली बसल्या होत्या.

माईंबद्दल सांगायला हवं. त्या सरांच्या अगदी उलट. बोरं काढायला काट्यात हात घालायच्या, बांध उडी मारून उतरायच्या, मनोऱ्याच्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसायच्या. सर खालून ओरडत राहायचे आणि त्या वरून भुईमुगाची टरफलं त्यांच्या टोपीवर टाकायच्या. माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, "ह्यांनी दोघांपुरतं भिऊन घेतलं, बाई. मला भ्यायला यळच मिळाला न्हाई." वर्षभर त्या घर, शिवणाचं मशीन आणि दोन म्हशी यांत असायच्या. सहल हा त्यांचा सण होता. फाट्यावर उतरलो की पदर कमरेला खोचून सगळ्यात पुढे चालायच्या. वळून बघायच्या नाहीत.

एका श्रावणातलं आठवतं. रानफुलं बघून परत येताना ओढा लागला. पाणी घोट्याएवढं. पलीकडे फाटा, फाट्यावर एसटी. सरांनी हात आडवा केला आणि सगळ्यांना अलीकडे थांबवलं. लांब डोंगराच्या माथ्यावर काळं दिसत होतं. वर पाऊस पडला असेल तर लोंढा येईल, म्हणाले. आम्ही थांबलो. एसटी आमच्या डोळ्यांदेखत गेली. बाया कुरकुरू लागल्या, पठाडेंनी ओढ्यात उभं राहून पाय धुतले आणि परत आले, म्हशी ओलांडून गेल्या, शाळेची पोरं सायकली ढकलत गेली. आम्ही भिजत उभेच. लोंढा आला नाही. संध्याकाळच्या गाडीनं घरी पोचलो तेव्हा सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पठाडेंनी विचारलं, "काय सर, लोंढा आल्ता का नंतर?"

"न्हाई आला," सर चहा ओतत म्हणाले. "न्हाई आला तेच बरं झालं की."

लोक हसले. मीही हसलो. मी गणिताचा मास्तर, सरांपेक्षा बराच लहान, आणि सहलीला सरांच्या हाताखाली सगळी कामं मीच करायचो म्हणून पठाडे मला 'धाकटे बोर्डे' म्हणत. मला ते लागायचं. सरांना शंभर गोष्टींची भीती होती आणि ती ते उघड्यावर ठेवत. मला एकाच गोष्टीची भीती होती, चारचौघांत हसं होण्याची. ती मी कुणाला दाखवत नव्हतो.

एकदा एसटीत मी त्यांच्या शेजारी होतो. सगळे झोपलेले. मी विचारलं, सर, एवढं भ्या वाटतं तर येता कशाला?

त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मग म्हणाले, "सुदामराव, घरात बसलं तरी भ्याच वाटतं. पण घरातलं भ्या फुकट जातं. हितं निदान पळस दिसतो."

हुरड्याच्या दिवसाकडे यायला मी इतका वेळ लावला, हे माझ्या लक्षात आलं आहे.

संक्रांत होऊन गेली होती. कडक थंडी, हवा पडलेली, ऊन हळदीसारखं. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडे दिवस झाले होते, काळा चष्मा होता. वनखात्यानं तळ्याच्या वरच्या अंगाला मोकळ्या माळावर हुरडा भाजायच्या आगटीसाठी जागा आखून दिली होती. एका शेतकऱ्यानं कोवळी कणसं आणली होती, गोवऱ्या रचून झाल्या होत्या. त्या जागेच्या मागे उतार आणि उताराच्या तळाशी एक जुना वड. माळावरून त्याचा नुसता शेंडा दिसत होता. आतल्या फांद्या बघायच्या तर पायवाटेनं खाली उतरून, वळण घेऊन, झाडाच्या बुडाशीच जावं लागे.

सर आगटीपाशी आले, बोट ओलं करून वारा बघितला, शेंड्याकडे बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुदामराव, तेवढं झाड बघून या. मला ह्या डोळ्यानं वरचं बराबर दिसत न्हाई अजून. तुम्ही आल्याबिगर मी जाळ लावत न्हाई."

मी निघालो. मागून पठाडेंचा आवाज आला, "निघाले बघा धाकटे बोर्डे. फांदीला विचारून या, तिला काही तरास व्हतो का हुरड्याचा." सगळे हसले. वनरक्षकही हसला. तेव्हा माझे कान तापले ते आजही आठवतं.

उतारावरून खाली वळण होतं. वळणाच्या पुढे गेलं की माळावरची माणसं दिसत नव्हती आणि मी त्यांना दिसत नव्हतो. तिथे एक सपाट दगड उन्हात पडला होता. मी त्या दगडावर बसलो. वड समोर होता, अजून पन्नासेक पावलं खाली, गर्द. मी बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघितलं. नुसती पानं. त्या बाजूनं एक बारीक गुणगुण येत असावी असं मला आता वाटतं, पण ते आता वाटतं की तेव्हाही वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ऊन चांगलं लागत होतं. झाडाखाली जाऊन मान वर करून गोल फिरणारा मी, आणि कुणीतरी उतारावर येऊन ते बघून गेलेलं, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. जाऊन यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ मी बसलो आणि उठून वर आलो.

"बघितलं सर," मी म्हणालो. "काही न्हाई."

सरांनी माझ्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यामुळे कसं बघितलं ते कळलं नाही. मग त्यांनी स्वतः काडी ओढली.

हुरडा मात्र झकास झाला होता. तळहातावर चोळलेला, वाफ निघणारा. माईंनी लसणाची चटणी आणली होती. बसायला खाली काय घ्यायचं, तर सगळ्यांनी आपापल्या चादरी अंथरल्या. सर म्हणाले, अंथरू नका, खांद्यावर ठेवा. त्या दिवशी कुणी ऐकलं नाही. चादरीवर हुरडा, चादरीवर गूळ, चादरीवर दही. पठाडेंची सून तान्हं मूल घेऊन पहिल्यांदाच आली होती. माई तिच्याजवळ बसून बाळाला ऊन दाखवत होत्या.

मग वारा फिरला. आगटीचा धूर उताराकडे वळला आणि वडात शिरला. मी त्या धुराकडे बघत होतो. माझ्या हातात कणीस होतं आणि ते मी खात नव्हतो.  बोलायला वेळ होता. "सर, विझवा" एवढे दोन शब्द बोलायला भरपूर वेळ होता.

आधी आवाज आला. लांबून मळणीयंत्र चालू व्हावं तसा. मग उताराच्या वरून एक काळपट झिरझिरीत पदर उचलला गेला आणि आमच्याकडे झुकला. सर ओरडले, "पडा! पांघरा!" आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्यांचं तत्काळ ऐकलं. हुरडा, दही, गूळ सगळं उधळलं. मी चादर ओढून पालथा पडलो. चादरीवर खडे पडावेत तसं टपटप होत होतं. आतमध्ये दोन शिरल्या होत्या, त्या मानेवर चावल्या, तरी मी हललो नाही. मेल्यागत पडलो होतो.

चादरीच्या फटीतून मला दिसलं ते एवढंच. पठाडेंच्या सुनेची चादर आगटीच्या पलीकडे राहिली होती. माईंनी आपली चादर तिच्यावर आणि बाळावर टाकली, कडा खाली दाबल्या, आणि मग त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. त्या पळाल्या नाहीत. पदर तोंडावर घेऊन बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज येऊ लागला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. मी चादरीची फट बंद केली.

सरांचे पाय मला त्याआधी दिसले होते. घोंगडी दोन्ही हातांनी पुढे धरून ते आगटीला वळसा घालून माईंकडे चालले होते. पळत नव्हते. पळायचं नाही हा त्यांचाच नियम होता.

बाळाला एकही डंख झाला नाही. माई जालन्याच्या दवाखान्यात पुष्कळ दिवस होत्या. वाचल्या. सूज उतरली, डोळे उघडले. रिक्षातून घरी आल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या आणि मग बाहेर आल्या नाहीत.

चौकशीला वनखात्याचे साहेब शाळेत आले. स्टाफरूममध्ये सगळे उभे होते. सरांचा चेहरा अजून सुजलेला होता. साहेबांनी विचारलं, जाळ लावण्याआधी झाड कुणी बघितलं होतं? पठाडे सरांकडे बघत होते. मी दाराशी चौकट धरून उभा होतो. मला वाटलं आता नाव येणार. ते आलं असतं तर मी बेशुद्ध पडलो असतो, किंवा मोकळा झालो असतो.

सर म्हणाले, "बघायचं काम माझं व्हतं, साहेब."

यात खोटं काही नव्हतं. साहेबांनी तेवढं घेतलं. मी उतारावरून गेलेलो सगळ्यांनी बघितलं होतं, पण सरांनी अंगावर घेतल्यावर कुणी माझं नाव काढलं नाही. सरांच्या सहलींना पुढे परवानगी मिळाली नाही. मागायलाही ते गेले नाहीत.

मी बदली मागून परतूरला गेलो. वाटलं होतं अंतरानं काही होईल. हसनाबादचा कुणी बाजारात दिसला की मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. झाड मी बघितलंच नव्हतं हे सरांनी ओळखलं असणार, ते कुणाला तरी सांगतील, याची आधी भीती वाटायची. पुढे कळून चुकलं की ते कधीच सांगणार नाहीत, आणि मग जी भीती बसली ती जास्त वाईट होती. घरात बायको मिक्सर लावायची तेव्हा मी अंगणात जायचो.

शेवटी एका फाल्गुनात जालन्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं गेलो. घर तेच, शाळेमागच्या गल्लीतलं. सगळ्या खिडक्यांना हिरवी जाळी, जाळीवर आतून परत साडीचा पडदा. दार उघडायच्या आधी सरांनी फटीतून बघितलं, माझ्या मागे आकाशाकडेही बघितलं. आत उकडत होतं, पण पंखा बंद होता. पंख्याची घरघर माईंना चालत नव्हती. शिवणाचं मशीन विकून टाकलं होतं. चटणी पाट्यावर वाटली जात होती. सर पुठ्ठ्यानं वारा घेत होते, मला बघून माझ्याकडे वारा घालू लागले. माई आतल्या खोलीत होत्या, दार लोटलेलं.

इकडचं तिकडचं किती बोलणार. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मी झाडापर्यंत गेल्तोच न्हाई. वळणावर बसलो आन् माघारी आलो."

पुठ्ठा थांबला. बाहेर गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल गेली. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. मला मार हवा होता असं वाटतं.

"मी तुम्हाला का पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"डोळ्याचं ऑपरेशन झाल्तं ना सर."

"डोळे चांगले झाल्ते." ते खालच्या आवाजात बोलत होते. "बिलकुल साफ दिसत व्हतं. बाकीची झाडं मी लांबून बघायचो, सुदामराव. कधी बुडाशी गेलो न्हाई. ह्या वडाच्या तर खालीच जावं लागत व्हतं. माझे पाय उचलंनात. मंग तुम्हाला डोळ्याचं सांगितलं."

 इतकी वर्षं मी जे माझं म्हणून छातीशी धरून बसलो होतो, त्याचा अर्धा भाग ते इथे या अंधाऱ्या खोलीत धरून बसले होते. ते दाराकडे बघत होते. मला दिसलं की ते मला नाही, त्या लोटलेल्या दाराला भीत होते.

दारामागून माईंचा आवाज आला. "मला ठावं हाय ते. हुरड्याच्या आदल्या दिशी पेपर वाचून राह्यले व्हते की. बारीक अक्षरातला."

सरांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला.

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमचं भ्या मला नवं हाय व्हय?" मग मला उद्देशून, "मास्तर, तुम्ही कशाला भ्यालात? तुम्हाला तर माशीचं भ्या न्हाई."

मी सांगितलं. पठाडे हसले म्हणून. हे बोलताना इतकं क्षुल्लक वाटलं की मी पुन्हा सांगितलं, जणू दुसऱ्यांदा ते मोठं होईल.

"ते बी भ्याच की," सर म्हणाले.

माफीबिफी काही झालं नाही. माईंनी दाराच्या फटीतून चहाची बशी पुढे सरकवली, हात तेवढा दिसला. निघताना मात्र त्यांनी आतून विचारलं, उद्यानात अजून लोक जातात का. जातात, मी म्हणालो, खातं अजून सगळं ठेवतं, तिकीटही थोडंच वाढलंय.  सर मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "विचारलं का न्हाई तिनं? इतक्या वर्षात पयल्यांदा बाहेरचं विचारलं." 

त्या दिवसापासून सरांनी एकच काम धरलं. माईंना एकदा, फक्त एकदा, त्या उद्यानाच्या फाटकाच्या आत न्यायचं. मला ते फोन करून सांगत. आज दाराची वरची कडी काढली. आज ओट्यावर बसली, पदर डोक्यावरून घेऊन. आज आभाळाकडं बघितलं. मध्येच आठवडे फोन यायचा नाही, मग कळायचं की गल्लीत कुणीतरी पिठाची चक्की लावली आणि सगळं पुन्हा कडीपासून सुरू झालं. सर थकत चालले होते. बोलताना त्यांना धाप लागायची. पण दिवाळीनंतर फोन आला. तळ्यावर पक्षी आलेत म्हणं. ती यायचं म्हणती. रिक्षा ठरवलीय. तुम्ही या.

मी पहाटेच निघून त्यांच्या आधी पोचलो. आणि झाडं बघितली. तळ्याच्या पायवाटेवरचं प्रत्येक झाड, बुडाशी उभं राहून, मान वर करून, फांदी न् फांदी. तिकीट काढून आलेली माणसं माझ्याकडे बघत होती. बघू दे. वडावर काही नव्हतं. सगळं साफ होतं, फक्त तळ्याच्या पलीकडच्या काठावर, मनोऱ्याच्याही पुढे, एका उंबराच्या आडव्या फांदीला ते लोंबत होतं. सुपाएवढं, काळं, वरून सारखी एक लाट फिरत असलेलं. बरंच लांब होतं. पक्षी दिसतात ती जागा अलीकडे. तिथपर्यंत गेलं नाही तर काही होणार नव्हतं. वनरक्षकही तेच म्हणाला, आम्ही तिकडं दोरी बांधलीय, कुणाला सोडत न्हाई.

फाटकापाशी रिक्षा आली. दोन्ही बाजूंचे रेग्झिनचे पडदे खाली सोडलेले. सर उतरले. फार वाळले होते. त्यांनी पडदा थोडा वर धरला. आत माई होत्या, पायावर घोंगडी. इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा मी बघितला. त्या फाटकाकडे बघत होत्या, आणि त्यांचा एक पाय रिक्षाच्या पायरीवर आलेला होता. चप्पल नवी होती.

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, झाडं बघितली का?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. ते मला विनवत होते. एक शब्द, काही न्हाई, एवढाच शब्द. तो किती सोपा असतो हे त्या दोघांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"बघितली," मी म्हणालो. "सगळी बघितली, माई. पलीकडच्या काठाला उंबरावर एक आहे. लांब आहे. आपण तिकडं जाणार न्हाई."

पाय तसाच थोडा वेळ पायरीवर राहिला. मग आत गेला.

मी सरांना काही बोलणार होतो. त्यांनी हात वर केला. रागावले नव्हते. रागावले असते तर मला कळलं असतं. त्यांनी माझ्या खांद्याला नुसता हात लावला, "बराबर हाय" म्हणाले, आणि पडदा उचलून आत जाऊन माईंच्या शेजारी बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, परत न्यायची का? आतून उत्तर आलं नाही. तो खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला.

बराच वेळ रिक्षा फाटकासमोर उभी होती. माणसं तिकिटं काढून आत जात होती, मुलं पळत होती, तळ्याकडून चक्रवाकांचा आवाज येत होता. पडद्याला प्लॅस्टिकची छोटी पिवळट खिडकी होती, तिच्यात आत काही दिसत नव्हतं. वारा सुटला होता, पडदा फडफडत होता. मग तो फडफडायचा थांबला. पडद्याची खालची कड कुणीतरी आतून धरली होती. चार बोटं बाहेर आली होती, वर्षानुवर्षं घरात राहून पांढुरकी झालेली, घट्ट आवळलेली, उन्हात.

रिक्षा वळून फाट्याकडे गेली तेव्हाही ती बोटं तशीच होती.